गोळी घरी घेतली म्हणून उपचार संपत नाही: खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाचा विम्याशी झालेला व्यवहार

बेळगावात माझं औषधांचं दुकान आहे. कॅन्सरची औषधं ठेवणारी दुकानं इथं मोजकी असल्यामुळे खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणारी माणसं चिठ्ठी घेऊन आमच्या काउंटरवर येतात. बिलाचा आकडा ऐकला की जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो, ‘हे इन्शुरन्समध्ये बसतं काय ओ?’ पुढे लिहिलेलं प्रकरण मी सुरुवातीपासून पाहिलं आहे आणि त्यातली एक चूक माझ्या हातून झाली आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही, घरातले काही तपशीलही बदलले आहेत.

पार्श्वभूमी

काकूंचं वय छपन्न. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचं, जंगलाला लागून असलेलं गाव. थोडं भातशेत, थोडा काजू. नवरा सात वर्षांपूर्वी वारला. मुलगा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर. पगार ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, २१ हजारांच्या मर्यादेच्या वर, त्यामुळे ते छत्र नाही. पण शहाणपणाची एक गोष्ट त्याने केली होती. जुलै २०१९ मध्ये आईच्या नावावर पाच लाखांची वैयक्तिक आरोग्य पॉलिसी काढली आणि एकही वर्ष हप्ता चुकवला नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात काकूंना खोकला लागला. गावाकडे, मग खानापुरात, मग टीबी समजून काही आठवडे औषधं झाली. नोव्हेंबरात धाप लागायला लागली तेव्हा बेळगावच्या रुग्णालयात आणलं. छातीत पाणी होतं. ते काढलं, बायोप्सी केली, तीन दिवस दाखल ठेवलं. हे सगळं कॅशलेस झालं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डिस्चार्ज मिळाला.

निदान फुफ्फुसाच्या कॅन्सरचं. काकूंनी आयुष्यात कधी विडी-तंबाखू केली नव्हती. आपल्याकडे अशा, विशेषतः बायकांच्या, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल बऱ्याचदा सापडतो. दहा दिवसांनी काकूंचा तपासणी अहवाल आला, त्यातही तो बदल होता. म्हणजे शिरेतून देण्याच्या केमोऐवजी रोज एक गोळी घेण्याचा मार्ग उघडला. डॉक्टरांनी ओसिमर्टिनिब ८० मिलिग्रॅम लिहिली. रोज एक, आणि जोवर चालते तोवर चालू.

अडचण

त्या गोळीचं महिन्याचं बिल लाखाच्या पुढे जात होतं. नेमका आकडा मुद्दाम देत नाही, कारण दर महिन्यागणिक आणि साठ्यागणिक बदलतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात या औषधावरचं सीमाशुल्क शून्य झालं, पुढे जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. त्यामुळे पाकिटावरची एमआरपी आधी बघा असं मी प्रत्येकाला सांगतो. जुन्या एमआरपीचा माल नव्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडता कामा नये.

मुलगा पॉलिसीची फाईल घेऊन दुकानात आला तेव्हा त्याची समजूत सरळ होती, पाच लाखांचा विमा आहे म्हणजे पाच लाखांची औषधं मिळतील. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य पॉलिस्या दवाखान्यात दाखल होण्याभोवती बांधलेल्या असतात, आणि घरी बसून घ्यायची गोळी त्यात ओपीडीचं औषध म्हणून बाहेर पडते. आजार तोच, डॉक्टर तोच. सुई टोचली तर उपचार आणि गोळी गिळली तर घरखर्च, हा भेद मला आजही अन्यायाचा वाटतो.

पण पॉलिसीत दोन दारं होती, आणि ती दोन्ही आम्हाला एकदम दिसली नाहीत.

पहिलं दार: डिस्चार्जनंतरचे साठ दिवस. त्याच आजारासाठी या काळात घेतलेली औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी ही रुग्णालयात दाखल झाल्याच्या मूळ क्लेमचाच भाग धरली जाते. त्याच्या पॉलिसीत साठ दिवस होते. कुठे तीस असतात, कुठे नव्वद.

दुसरं दार: आधुनिक उपचारांचं कलम. विमा नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली आणि ते कोणत्याही आरोग्य पॉलिसीतून वगळायचे नाहीत असा नियम केला. १ ऑक्टोबर २०२० पासून तो जुन्या पॉलिस्यांनाही लागू झाला. त्या यादीत तोंडाने घ्यायची केमोथेरपी आहे. मात्र त्याच्या पॉलिसीत उपचार दाखल होऊन किंवा डे-केअरमध्ये, म्हणजे मुक्काम न करता दिवसभरात रुग्णालयात, झालेला असावा अशी अट होती, आणि कंपनीला रकमेची उपमर्यादा, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी मर्यादा, घालता येते. त्याच्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या निम्मी, म्हणजे अडीच लाख होती.

समोरचे पर्याय

जुनी, स्वस्त गोळी. जेफिटिनिब, एर्लोटिनिब यांच्या भारतीय जेनेरिक गोळ्या त्या मानाने फारच कमी पैशात मिळतात. मीच मुलाला म्हणालो, ‘डॉक्टरांना स्पष्ट विचार, ही चालेल काय?’ असं विचारायला लोक लाजतात, डॉक्टर रागावतील म्हणून घाबरतात. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एमआरआय दाखवला, मेंदूत एक लहान ठिपका होता. नवी गोळी मेंदूपर्यंत जास्त चांगली पोचते, आणि जुन्या गोळ्यांशी तुलना केलेल्या मोठ्या चाचणीत तिने आजार जास्त काळ थोपवला होता, मध्यक (निम्म्या रुग्णांचा आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ) १८.९ महिने विरुद्ध १०.२. हे ऐकल्यावर मुलाने तो विषय बंद केला. त्याच्या जागी मीही केला असता.

सरकारी योजना. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. यांचं रेशनकार्ड एपीएल. त्यांना दीड लाखाच्या मर्यादेत ३० टक्के मदत मिळते. आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाने, योजनेत बसणाऱ्या उपचारांची (पॅकेजची) यादी पाहून सांगितलं की फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी तिथं आहेत त्या जुन्याच गोळ्या.

गावातल्या जाणत्या माणसांनी कोल्हापूरचा रस्ता सुचवला. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. मुलाला त्याबद्दल आपुलकी होती, ती मी समजू शकतो. पण तिथंही प्रश्न पॅकेजचाच होता, शिवाय दाखला, अर्ज, नवं रुग्णालय, नवा डॉक्टर. काकूंची धाप बघता महिना घालवणं मला पटलं नाही. हा पर्याय आम्ही पुरता न तपासता सोडला, हे नोंदवून ठेवतो.

बिलाशिवायची गोळी. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी परदेशी बनावटीची तीच गोळी कितीतरी कमी भावात देतो म्हणाला होता. बिल नाही, बॅच तपासायची सोय नाही, थंड-गरम कशात ठेवली माहीत नाही. मी त्याला हात जोडून सांगितलं, आईच्या तोंडात काय जातंय हे तुला कळलंच पाहिजे.

औषध कंपनीचा रुग्ण-साहाय्य कार्यक्रम. महागड्या कॅन्सर औषधांसाठी असे कार्यक्रम असतात, डॉक्टरांमार्फत नाव नोंदवायचं, ठरावीक पाकिटं विकत घेतली की पुढची काही मोफत. अर्जात एक रकाना होता, ‘या औषधाचा विमा परतावा घेता का?’ मुलगा पेन हातात धरून बसला. मग म्हणाला, ‘काका, नाही म्हणून लिहिलं तर कुणाला कळतंय?’

मी त्याला दोष देत नाही. पण हाच या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण होता. विमा कंपनीला मूळ बिलं द्यायची, साहाय्य कार्यक्रमालाही त्याच बिलांचे पुरावे द्यायचे, आणि एका ठिकाणी खोटं लिहायचं. पुढे दोन्ही बुडतात, आणि मधल्या मधे गोळी थांबते. त्याने ‘होय’वर खूण केली. अर्ज लगेच मंजूर झाला नाही. विम्याचा निर्णय कळवा, मग बघू, असं उत्तर आलं.

काय केलं

पहिल्या दोन महिन्यांची पाकिटं डिस्चार्जनंतरच्या साठ दिवसांच्या आत घेतली होती. पण मुलाने पहिलं बिल स्वतंत्र ओपीडी क्लेम म्हणून पाठवलं, आणि ते दोन दिवसांत परत आलं. मूळ कॅशलेस क्लेमचा नंबर घालून, ‘डिस्चार्जनंतरचा खर्च’ या खात्यात ते पुन्हा पाठवलं तेव्हा कंपनीने दुसरीच त्रुटी काढली, बिलावर रुग्णाचं नाव नाही.

ती चूक माझी. समोर मुलगा उभा होता, गर्दी होती, मी बिलावर त्याचं नाव घातलं. नंतर चिठ्ठीची प्रत जोडून दुरुस्त बिल आणि दुकानाच्या लेटरहेडवर खुलासा दिला. त्यात तीन आठवडे गेले. शिवाय आधारकार्डावर कन्नडवरून इंग्रजीत आलेलं काकूंच्या नावाचं स्पेलिंग एक, पॉलिसीवर दुसरं, रुग्णालयाच्या कागदावर तिसरं. आपल्या भागात हे घरोघरी आहे. ‘या तिन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र करून फाईलला लावलं. अखेर दोन्ही महिन्यांची बिलं मंजूर झाली.

मधे एक पत्र आलं. काकूंना रक्तदाब कधीपासून आहे, पॉलिसी काढताना सांगितला होता का? घरात घबराट. पण पॉलिसी सलग साठ महिने चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडून जुनी माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम अडवता येत नाही, हा नियम २०२४ पासून आहे. जुलै २०१९ ते जुलै २०२४, साठ महिने पुरे झाले होते. तसं दोन ओळींत कळवलं, विषय मिटला. एकही हप्ता न चुकवल्याचा उपयोग तिथं झाला.

खरी लढाई मार्चपासून. साठ दिवस संपले होते. मार्चचं बिल नाकारलं गेलं. मेसेज एका ओळीचा होता, चोवीस तास दाखल नसल्याने देय नाही. मी म्हटलं, मेसेजवर भांडू नको. कोणत्या कलमाखाली नाकारलं ते लेखी माग. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम नाकारताना पॉलिसीतलं कलम दाखवावं लागतं आणि कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय नकार देता येत नाही. लेखी उत्तर आलं त्यात दोन कारणं होती. एक, ही लक्ष्यित (जनुकातल्या ठरावीक बदलावर नेम धरणारी) गोळी आहे, केमोथेरपी नव्हे. दोन, डे-केअर उपचाराचा कागद नाही.

पहिल्याला उत्तर डॉक्टरांनी दिलं. एका पानाचं पत्र. निदान, जनुक अहवाल, शिरेतून देण्याच्या केमोऐवजी हीच कॅन्सरविरोधी औषधयोजना का, आणि ती खंडित झाली तर काय होईल. एवढं नेमकं पत्र मी क्वचित पाहिलं आहे.

दुसरं कारण मात्र खरंच होतं. मार्च आणि एप्रिलमध्ये काकू ओपीडीत दाखवून जात होत्या, डे-केअरचा कागद नव्हता. एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला की दर महिन्याला एक दिवस दाखल झाल्याचं दाखवून टाका, सगळेच करतात. मुलगा पुन्हा माझ्याकडे. मी म्हणालो, न झालेलं दाखवायचं नाही, पण जे व्हायलाच पाहिजे ते डे-केअरमध्ये होऊ शकतं काय, ते डॉक्टरांना विचार. या गोळीवर असलेल्या रुग्णाचा ईसीजी आणि रक्त तपासत राहावं लागतं, कारण ती हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकते. काकूंना नखांच्या कडा पिकायचा त्रासही चालू होता, त्याचं ड्रेसिंग लागत होतं. मे महिन्यापासून डॉक्टरांनी हे सगळं डे-केअर विभागात, नोंदीसह सुरू केलं. काकू सकाळी खुर्चीवर बसायच्या, रक्त, ईसीजी, तपासणी, मग त्या महिन्याची गोळी तिथंच लिहून द्यायचे आणि त्या दिवसाची मात्रा नर्ससमोर घ्यायची. सगळं खरं, सगळं कागदावर.

क्लेम तरी नाकारलेच. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर नोंद, दोन्हीकडून तेच उत्तर. जूनच्या शेवटी बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, तक्रार केली. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. मुलगा मराठी शाळेत शिकलेला, कन्नड कामापुरतं, इंग्रजी भीत भीत. तक्रार आम्ही दोघांनी दुकान बंद झाल्यावर चार रात्री बसून लिहिली, तारखांचा एक तक्ता केला आणि प्रत्येक बिलापुढे पॉलिसीचं कलम लिहिलं. बेंगळुरूला जावं लागलं नाही, सुनावणी व्हिडिओवर झाली. तो हिंदीत बोलला. शर्ट इस्त्री करून, माझ्या दुकानामागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांसमोर बसून.

निकाल

दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड झाली आणि लोकपालांनी तशी शिफारस केली. मे आणि जूनची बिलं अडीच लाखांच्या उपमर्यादेत मिळाली. मार्च आणि एप्रिलची नाही. त्या दोन महिन्यांसाठी काकूंच्या पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या, त्या अजून तिथंच आहेत. दुसऱ्या कुणाच्या प्रकरणात असंच होईल असं कुणी धरून चालू नये. पॉलिसीतला एक शब्द वेगळा असला तरी निकाल बदलतो.

जुलै २०२५ मध्ये पॉलिसीचं नवं वर्ष लागलं आणि उपमर्यादा नव्याने सुरू झाली. क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, तरी हप्ता भरून पावती हातात येईपर्यंत मुलाला झोप नव्हती. मर्यादा संपल्यावर विमा कंपनीचं तसं पत्र साहाय्य कार्यक्रमाच्या अर्जाला जोडलं आणि मोफत पाकिटं सुरू झाली. अर्जातल्या त्या रकान्यात खरं लिहिलं होतं म्हणूनच हे पत्र जोडता आलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात जास्त मला मार्च-एप्रिल सलतो. दुसऱ्या दाराचं कलम पॉलिसीत पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं. डिसेंबरात, पहिलं पाकीट फोडायच्या आधी, आम्ही ते वाचून डॉक्टरांशी बोललो असतो तर डे-केअरच्या नोंदी साठ दिवस संपायच्या आधीच सुरू झाल्या असत्या. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, त्यात उपमर्यादा थोडक्यात दिलेल्या असतात, आणि ते स्थानिक भाषेत मागता येतं. मुलाकडे ते इंग्रजीत होतं आणि फाईलमध्ये घडी न मोडता पडलं होतं.

दुसरी गोष्ट मुलाच्या कामाच्या ठिकाणची. तिथल्या गट विम्यात एप्रिल २०२४ मध्ये जादा हप्ता भरून आईला घालता येत होतं, आणि त्या गट विम्यात आधीच्या आजारांना थांबायची मुदत नव्हती. आईची वेगळी पॉलिसी आहेच म्हणून त्याने घातलं नाही. तेव्हा आई धडधाकट होती, त्याचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये मात्र त्याने ते नाव घातलं. मार्चचं बिल त्याआधीचं, ते कशातच बसत नाही. एप्रिलच्या बिलासाठी गट विम्याकडे क्लेम केला आहे, तो अजून चालू आहे.

साहाय्य कार्यक्रमाचा अर्ज डिसेंबरातच करायला हवा होता. महाराष्ट्राच्या योजनेची चौकशी एका फोनवर का होईना, पूर्ण करायला हवी होती. आणि दुकानदार म्हणून माझ्या पातळीवर एक बदल झाला आहे. आता काउंटरवर पैसे घ्यायच्या आधी बिल गिऱ्हाइकासमोर वाचतो. रुग्णाचं नाव आधारप्रमाणे, डॉक्टरांचं नाव, बॅच, मुदत, आमचा परवाना नंबर. शंभर रुपयांचं बिल असलं तरी.

गेल्या आठवड्यात काकू स्वतः आल्या होत्या, पहिल्यांदाच. खानापूरहून बसने. पिशवीतून काजू काढून काउंटरवर ठेवले. नखांभोवती अजून लाल आहे, पण बोटांनी बी फोडता येते म्हणाल्या. मी पाकीट काढलं, बिल केलं. त्यांनी चष्मा लावला, आपलं नाव बोट ठेवून वाचलं आणि मगच घडी घातली.